झोपलेला डोळा जागा कसा होतो?

ऑक्टोबर महिन्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या द्राक्षबागा पाहिल्या तर कोड्यात पडायला होते. पाऊस सरत आलेला असतो, जमिनीत ओल असते, ऊन स्वच्छ असते. वेलीने जोमाने वाढावे अशी ही हवा. पण नेमक्या याच वेळी बागाईतदार हिरव्या वेलीची पाने उतरवतो, काड्या कात्रीने छाटतो आणि राखलेल्या काडीवरच्या डोळ्यांना एक रसायन लावून घेतो. साधारण आठ ते बारा दिवसांत डोळे फुगतात, कापसतात आणि त्यांतून पोपटी फूट बाहेर येते. हीच ऑक्टोबर छाटणी किंवा गोडी छाटणी.

उत्तर फ्रान्समधली द्राक्षवेल याच सुमारास पाने गाळून झोपायच्या तयारीला लागते. मार्च-एप्रिलमध्ये ती आपण होऊन उठते. तिच्या डोळ्यांना कोणी काही लावत नाही. मग नाशिकच्या वेलीसाठीच ही उठाठेव का करावी लागते?

उत्तर शोधण्यापूर्वी आपला एक समज तपासून घेऊ. ‘थंडी झाडाला झोपवते आणि ऊब त्याला उठवते’ असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे अर्धेच खरे आहे. राहिलेला अर्धा भाग समजला की नाशिकच्या बागेतले कोडे सुटते.

डोळ्यात काय असते?

पानाच्या देठाच्या बगलेत जी कळी असते तिला शेतकरी ‘डोळा’ म्हणतात. द्राक्षाचा डोळा बाहेरून एक दिसला तरी आत सहसा तीन कोंब असतात. मधला मुख्य आणि बाजूचे दोन राखीव. वरून तपकिरी खवले आणि आत कापसासारखे तंतू. या गुंडाळ्यात पुढच्या हंगामाची पाने आणि फळाचे घडही सूक्ष्म रूपात आधीच तयार झालेले असतात. म्हणूनच नाशिकचे अनेक बागाईतदार गोडी छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेतात. तेथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. छाटणी कुठे घ्यायची ते त्यावर ठरते.

घड तयार आहे, पाने तयार आहेत, तरी डोळा फुटत नाही. याचा अर्थ त्याला कोणीतरी थांबवून धरले आहे. कोणी?

झोपेचे तीन प्रकार

वनस्पतीशास्त्रात झोपेचे, म्हणजे सुप्तावस्थेचे, तीन प्रकार मानतात. ते वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिली ‘दबलेली झोप’. येथे डोळा धडधाकट असतो, पण झाडाचाच दुसरा भाग त्याला दाबून ठेवतो. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. गुलाबाचा शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, ते हा दाब उठल्यामुळे.

दुसरी ‘आतली झोप’. येथे अडथळा डोळ्याच्या आतच असतो. शेंडा कापा, पाणी द्या, ऊब द्या, काहीही करा, डोळा ढिम्म राहतो. ही खरी गाढ झोप.

तिसरी ‘सक्तीची झोप’. डोळा आतून तयार असतो, पण बाहेर फार गारठा किंवा कोरड असते. परिस्थिती सुधारली की तो लगेच फुटतो.

थंड देशातले झाड वर्षभरात या तिन्ही अवस्थांतून जाते. उन्हाळ्यात पहिली, पानगळीच्या सुमारास दुसरी आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात तिसरी.

थंडी झोपवते की उठवते?

अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल ब्ल्यूबेरीच्या झुडपांवर काम करत होते. झुडपांना थंडीचा त्रास नको म्हणून ती हिवाळाभर उबदार काचघरात ठेवली, तर वसंत ऋतूत ती चांगली फुटायला हवीत. झाले उलटे. बाहेर गारठ्यात राहिलेली झुडपे फुलली आणि उबेतली तशीच निजून राहिली. मग कोव्हिल यांनी एक सुंदर प्रयोग केला. झुडूप काचघरात ठेवून त्याची एकच फांदी काचेतल्या छिद्रातून बाहेर थंडीत काढली. वसंतात त्या एका फांदीला पालवी आली, बाकीचे झुडूप झोपलेलेच राहिले. हे काम त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गाढ झोप मोडायला थंडीच लागते. दुसरी, थंडीचा हिशेब झाडाच्या मुळात किंवा खोडात नव्हे, प्रत्येक डोळ्यात स्वतंत्रपणे ठेवला जातो.

मग झाडाला झोपवते कोण? बऱ्याच झाडांत लहान होत जाणारा दिवस, काहींत उतरते तापमान, तर काहींत दोन्ही मिळून. म्हणजे थंडीची चाहूल झोपवते आणि पुरेशी थंडी सोसून झाली की झोप उतरते. ही व्यवस्था उलटी वाटली तरी शहाणपणाची आहे. जानेवारीत चार दिवस उबदार गेले म्हणून झाड फुटले, तर फेब्रुवारीच्या हिमात कोवळी पालवी जळून जाईल. म्हणून डोळा ऊब पाहून हुरळत नाही. हिवाळा खरोखर सरला का, हे तो सोसलेली थंडी मोजून ठरवतो.

ही मोजणी करण्याची सोपी रीत म्हणजे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले तास मोजणे. सफरचंदाच्या अनेक जातींना असे ८०० ते १००० किंवा त्याहूनही जास्त तास लागतात. द्राक्षाला त्याहून बरेच कमी, काही शे तास पुरतात. अंजिराची भूक सर्वांत लहान, शे-दोनशे तासांत त्याचे भागते.

अंजिराला न उठू देण्याची कला

अंजीर हा आपल्या वड, पिंपळ, उंबराच्या कुळातला. त्याची मूळ भूमी पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राचा परिसर. इटलीतून न्यूयॉर्कला गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला आणि तेथील कडक हिवाळ्याशी त्यांना सामना करावा लागला. तापमान उणे १० अंशांच्या आसपास गेले की अंजिराच्या फांद्या मरू लागतात. मग या मंडळींनी उपाय काढले. कोणी फांद्या बांधून पोती आणि पेंढा गुंडाळत, कोणी एका बाजूची मुळे मोकळी करून अख्खे झाड चरात आडवे करत आणि वर पालापाचोळा व माती टाकत. कुंडीतले झाड असेल तर ते अंधाऱ्या, गार तळघरात जाई. पाने गळलेली असल्याने उजेडाची गरज नसते. मुळे कोरडी पडणार नाहीत इतकेच पाणी पुरते.

येथे खरे कौशल्य झाड झोपवण्याचे नाही. अंजिराचे थंडीचे तास लवकर भरतात, त्यामुळे आतली झोप डिसेंबर-जानेवारीतच उतरलेली असते. पुढचे दोन महिने ते केवळ सक्तीच्या झोपेत असते. खोली उबदार झाली की ते लगेच फुटते आणि अंधारात पिवळट, लेचापेचा कोंब काढते. म्हणून खोली शून्याच्या थोडी वर, पण गारच ठेवावी लागते. हिमाची भीती गेली की झाड आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात आणतात.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यातले अंजीर प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे हिमाची भीती नाही आणि कडाक्याची थंडीही नाही. तेथील शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, पाने गळू देतो, छाटणी करतो आणि मग पाणी सोडतो. संत्री, डाळिंब, पेरू यांचा बहार धरताना हीच रीत असते. थंडीच्या जागी कोरड वापरून झाडाला विश्रांती देण्याची ही आपल्या मुलखातली जुनी युक्ती आहे.

थोडक्यात, न्यूयॉर्कच्या माळ्याची चिंता झाड लवकर उठेल ही, तर नाशिकच्या बागाईतदाराची चिंता वेल एकदम उठणार नाही ही.

नाशिकची अर्धवट झोप

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक. पॅरिसला हाच फरक जवळजवळ आठ तासांचा. दिवस फारसा आखडत नाही, ऑक्टोबरात थंडी नाही, म्हणून वेल पूर्ण झोपत नाही. पण काडी पिकून तपकिरी झाली की डोळे ताजेतवानेही राहत नाहीत. ते अर्धवट गुंगीत जातात. अशा वेलीला तिच्या मनावर सोडले तर शेंड्याचे एक-दोन डोळे फुटतात, त्यांचा दाब खालच्यांवर पडतो, काही डोळे महिन्याने उठतात, काही उठतच नाहीत. एकाच वेलीवर कुठे फुलोरा, कुठे नुसता कोंब. अशा बागेत औषध फवारणी, विरळणी आणि काढणी यांचा मेळच बसत नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या बागाईतदाराने वेलीचे वर्ष दोन छाटण्यांत बांधले. काढणीनंतर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तेव्हाच्या कडक उन्हात डोळे सहज फुटतात, नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात. मग पावसाळा. त्यानंतर फळासाठी गोडी छाटणी. दोन छाटण्या, पण पीक एकच. बागलाण, देवळा भागांत काही जण ही छाटणी पावसाळ्यातच, ऑगस्टच्या सुमारास उरकतात. बाजारात लवकर पोचण्याचा फायदा आणि पावसात केवडा रोग येण्याची जोखीम, दोन्ही पदरात घेऊन.

आता या गोडी छाटणीकडे पुन्हा पाहू. पाने उतरवणे म्हणजे कृत्रिम पानगळ. शेंडा कापणे म्हणजे दबलेल्या झोपेवरचा उपाय. राहिली ती आतली गुंगी. ती मोडायला लागणारी थंडी ऑक्टोबरात नसते. तिच्या जागी येते ते डोळ्यांवर लावायचे रसायन.

गंमत अशी की नाशिकला थंडी पडते, पण ती चुकीच्या वेळी. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. तोवर डोळे केव्हाच फुटून वेलींवर मणी भरत असतात. मग मण्यांची वाढ थांबते, ते तडकण्याचा धोका असतो. शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकने पाणी सोडतात. युरोपात वेलीला उठवणारी थंडी येथे फळाच्या मुळावर येते.

हिवाळ्याची नक्कल

रसायनाने झाड उठवण्याची कल्पना जुनी आहे. ‘जीन’ हा शब्द देणारे डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सेन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दाखवले की लायलॅक नावाच्या फुलझाडाला ईथरच्या वाफेत ठेवले तर ते भर हिवाळ्यात फुलते. माणसाला गुंगी आणणारे ईथर झाडाची गुंगी उतरवते! पुढे १९६० च्या दशकात जपानमध्ये द्राक्षावर कॅल्शियम सायनामाइडचे प्रयोग झाले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमध्ये हायड्रोजन सायनामाइड परिणामकारक ठरले. नाशिकच्या बागांत आज मुख्यतः हेच वापरतात.

ते करते काय? निरोगी पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड सतत थोडे थोडे तयार होत असते आणि कॅटलेज हे विकर त्याचे पाणी व ऑक्सिजनमध्ये विघटन करते. सायनामाइड कॅटलेजला अडवते. पेरॉक्साइड साचते, श्वसन विस्कळीत होते, डोळा गुदमरल्यासारखा होतो. हा धक्का मरण्याइतका नसेल तर पेशी प्रतिकाराला उठतात. झोप टिकवणाऱ्या अॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण घटते आणि वाढ सुरू होते.

थंडी हेच काम सावकाश करते. बर्च आणि पॉप्लर या झाडांत असे आढळले आहे की झोपेच्या काळात शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज नावाच्या शर्करायुक्त पदार्थाने बुजलेल्या असतात. दीर्घ थंडीत ती बुचे विरघळवणारी विकरे तयार होतात आणि पेशींमधला संवाद पुन्हा चालू होतो. हिवाळा दार हळूहळू उघडतो, रसायन त्यावर धक्का मारते.

हा परिणामही कोव्हिल यांच्या फांदीसारखाच स्थानिक आहे. ज्या डोळ्याला पेस्ट लागली तोच उठतो. एका एकरात असे हजारो डोळे. म्हणून प्रत्येक हव्या त्या डोळ्यापर्यंत माणसाचा हात पोचावा लागतो.

किंमत कोण मोजते?

येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थांबून विचार करावा असे काही आहे. हे रसायन घड दिसण्याच्याही आधी, काढणीपूर्वी काही महिने लावले जाते आणि वनस्पतीत त्याचे रूपांतर होऊन जाते. त्यामुळे त्याचा मुख्य धोका खाणाऱ्याला नाही. तो लावणाऱ्याला आहे. हायड्रोजन सायनामाइड त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते, त्वचेतून शरीरात शिरते आणि तेथेही एक विकर अडवते.

दारू प्यायल्यावर शरीरात तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे निरुपद्रवी आम्ल करते. सायनामाइडने हे विकर अडले की ॲसिटाल्डिहाइड साचते. चेहरा लाल होणे, छातीत धडधड, मळमळ, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसतात. कॅल्शियम सायनामाइड खताच्या कारखान्यांतील कामगारांना दारू सोसत नाही, हे जर्मनीत १९१४ मध्येच नोंदले गेले होते. १९५० च्या दशकात याच गुणाचा उपयोग दारू सोडवण्याच्या औषधासाठी झाला. इटलीत २००२ ते २००४ या काळात हे रसायन वापरणाऱ्या शेतकऱ्यांत विषबाधेच्या घटना नोंदल्या गेल्या. २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याला मान्यता नाकारली. फवारणाऱ्या आणि हाताळणाऱ्यांची सुरक्षितता हे त्यामागचे मोठे कारण होते.

नाशिक जिल्ह्यात छाटणी आणि पेस्टच्या कामाला पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांची मुले आपल्या वर्गांत बसतात. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, काम संपताच साबणाने हात धुवावेत, काम चालू असताना काही खाऊ नये आणि कामाच्या आदल्या दिवसापासून पुढे काही दिवस दारू पूर्ण वर्ज्य करावी. या चार गोष्टी मुलांमार्फत घरी पोचल्या तर हा धडा सार्थकी लागेल. ‘दारू वाईट’ हा नेहमीचा उपदेश असतो. येथे त्याचे विकराच्या पातळीवरचे कारण सांगता येते आणि कारण कळले की माणूस ऐकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

गोडी छाटणीच्या दिवसांत छाटलेल्या काड्या बांधावर पडलेल्या असतात. पेस्ट लावण्यापूर्वीच छाटलेल्या, पिकलेल्या काड्या मागून आणा. इतर औषधांची फवारणी झालेली असते, म्हणून त्या धुऊन घ्या आणि हाताळल्यावर हातही धुवा. मग काड्यांचे चार गट करा.

पहिला गट: सहा-सात डोळ्यांच्या दहा अखंड काड्या.
दुसरा गट: एकेकच डोळा असलेले वीस तुकडे.
तिसरा गट: तसेच वीस तुकडे, पण वरच्या कापावर आणि डोळ्यावर ठेचलेल्या लसणाचा लगदा लावून.
चौथा गट: तसेच वीस तुकडे, ओल्या फडक्यात व प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन आठवडे फ्रिजमध्ये (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) ठेवून, मग बाहेर काढून.

सर्व काड्या खालचे टोक बुडेल अशा रीतीने पाण्याच्या बाटल्यांत एकाच खोलीत ठेवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. प्रत्येक डोळा कापसला कधी, हिरवे टोक दिसले कधी, हे तक्त्यात मांडा. चौथ्या गटाचे दिवस फ्रिजमधून काढल्यापासून मोजा. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर फुटलेल्या डोळ्यांची टक्केवारी घेऊन चारही आलेख एकाच कागदावर काढा.

आता आलेख वाचायचा. दुसरा गट पहिल्यापेक्षा अधिक फुटला, तर डोळ्यांवर शेंड्याचा दाब होता. चौथा दुसऱ्यापेक्षा लवकर आणि एकसारखा फुटला, तर आतली झोपही होती आणि ती थंडीने मोडली. तिसऱ्या गटाकडे विशेष लक्ष द्या. लसणातील गंधकयुक्त संयुगे द्राक्षाचे डोळे जागे करू शकतात, असे जपानमधील प्रयोगांत दिसले आहे. सायनामाइडला कमी धोक्याचा पर्याय शोधण्याच्या खटपटीतला हा एक धागा आहे. आपल्या वर्गात काय दिसते ते पाहा. काहीच फरक दिसला नाही, तर तोही निष्कर्षच आहे. ज्या गावात द्राक्ष नाही तेथे तुतीच्या काड्या घेता येतील.

हाच प्रयोग एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्यांवर पुन्हा करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. त्याच वेलीचे डोळे ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये सारखेच झोपलेले असतात का, हा प्रश्न मुलांनीच सोडवावा. हिवाळे सौम्य होत चालले तसा हिमाचल प्रदेशातला सफरचंदाचा पट्टा अधिक उंचावर सरकू लागला आहे. थंडी मोजणाऱ्या डोळ्याचा हिशेब समजून घेणे तेथेही गरजेचे झाले आहे. त्याची सुरुवात पाण्याच्या बाटलीतल्या काडीपासून करता येते.